काळ्या मातीतील कंदयुक्त खांबाची कुळकथा

गोठलेल्या जमिनीची ताकद मातीच्या कणांपेक्षा त्यांना सांधणाऱ्या बर्फावर अधिक अवलंबून असते, आणि म्हणून तापमान शून्य अंशाजवळ येऊ लागले की तिची ताकद व ताठरता, म्हणजे भार पडल्यावर आकार न बदलण्याचा गुण, दोन्ही झपाट्याने घटतात. नागपुरात जमीन गोठत नाही; परंतु शहराच्या दक्षिणेस मनीषनगर-बेसा भागात जिथे काळ्या मातीचा थर जाड आहे, तिथे ऋतूचा असाच अंमल पाण्याच्या रूपाने चालतो. वैशाखात कुदळीला दाद न देणारे ढेकूळ मृगाच्या सरींनंतर बोटाने दाबले जाते, कारण बेसाल्टच्या झिजेतून बनलेल्या या मातीतील माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि ती फुगते. पाणी आटले की ती आक्रसून भेगाळते. या उचल-खचीने हलकी बैठी घरे जास्त तडकतात, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवण्याइतके वजनच त्यांच्यात नसते.

मुरूम जवळ लागला तर पाया त्यावर टेकवणे हा जुना आणि आजही उत्तम मार्ग होय. तो फार खोल असेल तेव्हा काय करावे, याचे स्वस्त उत्तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत 1950 च्या दशकात दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. सर्पिल गिरमिटाने हातानेच भोक पाडायचे, मग मिटलेल्या पात्यांचे अवजार तळाशी सोडून दांडा दाबत फिरवायचा; पाती उघडतात, कडेची माती खरवडून खालच्या बादलीत पडते आणि तळाशी खांबाच्या सुमारे अडीचपट व्यासाची पोकळी तयार होते. सळ्या व काँक्रीट भरल्यावर तिचाच कंद होतो. खोल काळ्या मातीत असा खांब किमान 3.5 मीटर उतरवतात, कारण त्या खोलीवर ओल वर्षभर फारशी बदलत नाही आणि वरची माती फुगून खांबाला उपसू लागली तरी कंद त्याला धरून ठेवतो. सायबेरियातील बांधकामातही खांब उन्हाळ्यात वितळणाऱ्या थराखाली कायम गोठलेल्या जमिनीत रोवतात, तो विचार हाच.

खांबांच्या माथ्यांवरून जाणारी तुळई मात्र जमिनीपासून किमान 80 मिलिमीटर वर ठेवावी लागते. ही फट राडारोड्याने बुजवली, तर फुगणारी माती तुळईलाच वर रेटते आणि खांबांनी वाचवलेली भिंत तिथून तडकते.