वास्तुशांतीचा भात रात्रीच मुरला: अनर्थाआधीचे वीस तास

मे महिना म्हणजे बारामती-इंदापूर पट्ट्यात लग्नं, बारशी आणि वास्तुशांतींचा महिना. पाहुणे उन्हं चढायच्या आत परतायचं म्हणतात, म्हणून पंगत अकरालाच बसते. अकराला पंगत बसवायची तर निम्मा स्वयंपाक आदल्या रात्री उरकलेला असतो. पुढचं घर कल्पनेतलं आहे. नीरा डाव्या कालव्याच्या काठावरच्या कुठल्याही गावात ते असू शकेल. त्यातले तास, तापमान आणि जंतू मात्र खरे आहेत.

शनिवार, सायंकाळी ५. उरले २० तास.

अंगणात पारा चाळिशीजवळ आहे. चाळीस पानांचा बेत ठरतो: मसालेभात, मटकीची उसळ, पुरी, कोशिंबीर आणि बासुंदी. "आक्का, भात रातीच करून ठेवू. सकाळी भटजी आलं की सवड न्हाई मिळायची," धाकटी जाऊ म्हणते आणि आक्का मान डोलावतात. माणसं, किलो, लिटर सगळ्याचा हिशोब होतो. फ्रिज मात्र एकच, आणि त्यात आधीच भाजी, दही आणि सरबताच्या बाटल्या भरल्या आहेत. तिथे किती मावेल हे कुणी विचारत नाही. अनर्थाचा पाया इथे पडतो.

सायंकाळी ७.३०. उरले साडेसतरा तास.

बारा लिटर दूध आटायला ठेवलं जातं. उकळी आली की दुधातले बहुतेक जंतू मरतात, म्हणून तासाभराने चुलीवरून उतरलेली बासुंदी निर्धोक असते. ती कोमट झाल्यावर बदाम सोलून तिच्यात टाकले जातात. सोलणाऱ्या बोटावर दुपारी विळीने झालेली जखम आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निरोगी माणसाच्याही नाकात आणि त्वचेवर असतो, जखमेत तर अधिकच. त्याला दूध, साखर आणि ऊब एकाच पातेल्यात मिळाली. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही. हात धुतलेले होते. बोटाला पट्टी आणि वर हातमोजा हवा होता, एवढंच.

रात्री १०. उरले १५ तास.

मसालेभात शिजला. चार किलो तांदळाचं जाड बुडाचं पातेलं, वर घट्ट झाकण, झाकणावर वरवंटा. "मुरू दे, सकाळी मोकळा होतो." शेजारच्या पातेल्यात उसळ, तीही झाकलेली. तांदळासोबत शेतातल्या मातीतून बॅसिलस सिरियस या जंतूची बीजं येतात. ही बीजं उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात शिजताना त्यांचे स्पर्धक मरतात, ती उरतात आणि भात कोमट व्हायची वाट पाहतात.

रात्री ११.३०. उरले साडेतेरा तास.

पातेल्याला हात लावला तर बाहेरून कोमट लागतं, पण मधला भात अजून चांगलाच गरम आहे. भाताचा जाड गोळा आतली ऊब तासन्‌तास सोडत नाही. ५ ते ६० अंश हा जंतू वाढण्याचा पट्टा. शिजलेलं अन्न साध्या खोलीत दोन तासांहून जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ३२ अंशांच्या वरच्या उन्हाळ्यात ही मुदत एका तासावर आणावी, असं अमेरिकेच्या कृषी खात्याचं म्हणणं आहे. आपल्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघराला हा एका तासाचा नियमच लागू होतो.

या घडीलाही सगळं सावरता आलं असतं. भात आणि उसळ पसरट परातींत बोटभर जाडीने पसरून, पंख्याखाली निववून लगेच थंडाव्यात ठेवायची होती. पण घरातली माणसं दमून झोपली आहेत. बासुंदीचं पातेलं मात्र कोमट असतानाच, फ्रिजमधल्या बाटल्या काढून, आत कोंबलं आहे.

रात्री १२. उरले १३ तास.

वळवाचा वारा सुटतो, चार थेंब पडतात आणि वीज जाते. थंड आणि बंद राहिलेला फ्रिज साधारण चार तास गारवा टिकवतो. या फ्रिजच्या पोटात मोठं कोमट पातेलं आहे, त्यामुळे तो गारवा टिकवायच्या आधीच ऊब वाटू लागला आहे.

रविवार, पहाटे ५. उरले ८ तास.

वीज येते. फ्रिजचा दिवा लागतो आणि घुर्रघुर्र ऐकून सगळे निश्चिंत होतात. भाताचं पातेलं अजून उबदार आहे. अशा उबेत जंतू अर्ध्या तासाला दुप्पट होतात असं धरलं, तर सात तासांत एका जंतूचे सोळा हजारांहून अधिक होतात. भाताला वास नाही, चव बदललेली नाही, बुरा नाही. आंबलेलं अन्न नाकाला कळतं. विष झालेलं अन्न बहुतेक वेळा कळत नाही. वास घेऊन निवाडा करायची आपली जुनी सवय इथे उपयोगी पडत नाही.

सकाळी ९.३०. उरले साडेतीन तास.

होमाचा धूर घरभर आहे. भातावर फोडणी ओतून पातेलं पुन्हा चुलीवर चढतं. तळ करपू लागतो, कडा वाफाळतात, मध्यभाग नुसता कोमट. पूर्ण तापला असता तरी उपयोग नव्हता. बॅसिलस सिरियसने भातात सोडलेलं उलटीचं विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. बासुंदीतल्या स्टॅफिलोकोकसचं विषही उकळीला दाद देत नाही. "परत उकळलं की झालं" हा समज सर्वांत धोक्याचा आहे. उकळीने जंतू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष तसंच राहतं.

सकाळी ११. उरले २ तास.

पंगत बसते. आग्रह होतो. "अजून एक वाटी घ्या पाव्हणं." लहान मुलं बासुंदीवर तुटून पडतात. सात महिन्यांची गरोदर भाची दोन वेळा भात घेते.

दुपारी १. अनर्थ.

पाच वर्षांचा मुलगा उलटी करतो. उन्हाचं असेल म्हणून त्याला कांदा हुंगवतात. दीडला त्याची बहीण, पावणेदोनला दोन मावश्या, अडीचपर्यंत आठ जण. १०८ला फोन जातो. काही इंदापूरच्या रुग्णालयाकडे, काही बारामतीकडे निघतात. रस्त्यातल्या गाड्यांतून आणखी उलट्यांचे फोन येतात.

रात्री १०.

दुपारी धड असलेल्यांना आता पोटात कळ आणि जुलाब सुरू होतात. ही दुसरी लाट उसळीची. दाट कालवणात रात्रभर वाढलेल्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारख्या जंतूंचा त्रास जेवणानंतर ६ ते २४ तासांनी होतो. पातेली आता घासून पालथी घातली आहेत. डॉक्टर विचारतात, "उरलेलं अन्न आहे का?" ते दुपारीच फेकलं गेलं आहे.

असं मोठ्या प्रमाणावर घडतं तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्राने २० फेब्रुवारी २०२४ला पाहिलं. बुलढाण्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाणा इथे एकादशीची भगर आणि आमटी खाऊन शेकडो लोक आजारी पडले. बीबीच्या रुग्णालयात खाटा पुरेनात, तेव्हा बाहेर दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. सोहळा घरातल्या चाळीस माणसांचा असो की गावाचा, पातेलं जितकं मोठं तितकं ते निवायला उशीर करतं. म्हणून गर्दीच्या जेवणात धोका माणसांच्या संख्येपेक्षा जास्त वेगाने वाढतो.

हे सगळं टाळणारं ज्ञान याच पट्ट्यात रोज वापरलं जातं. गावच्या संकलन केंद्रावर दूध येतं, ते बल्क कूलरमध्ये चार अंशांपर्यंत थंड केलं जातं. उशीर झाला तर दूध नासेल हे गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. भिगवणच्या बाजारात उजनीचा मासा बर्फावाचून ठेवला तर गिऱ्हाईक हात लावत नाही. तीच काळजी बासुंदीला आणि मसालेभाताला लावायची आहे.

त्यासाठी बेत उलट्या क्रमाने आखा. आदल्या दिवशी करायचं ते असं: कांदा-खोबऱ्याचं वाटण, शेंगदाण्याची चटणी, निवडून चिरलेली भाजी, मोड आलेली मटकी, भाजून ठेवलेला रवा, लाडू, शंकरपाळी. पहिल्या चार गोष्टी फ्रिजमध्ये, बाकी डब्यात. गोड हवं तर बासुंदीऐवजी फ्रिजमध्ये ठेवलेल्या चक्क्याचं श्रीखंड करा. आंबटपणामुळे त्यात जंतूंना वाढायला फारसा वाव नसतो. बासुंदीच हवी असेल तर चुलीवरून उतरताच लहान पातेल्यांत वाटा, बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, तासाभरात गार करून मग फ्रिजमध्ये. आदल्या दिवशी बर्फाची लादी आणायची आठवण यादीत पहिल्या ओळीला लिहा. भात आणि उसळ मात्र सकाळीच. पंगतीपर्यंत ती वाफाळती, ६० अंशांच्या वर राहिली पाहिजेत. दोन मोठ्या चुली आणि एक जादा माणूस, एवढीच याची किंमत आहे.

आणि तरीही कुणाला उलटी झालीच, तर उरलेल्या अन्नाचा डबा झाकून फ्रिजमध्ये ठेवा, फेकू नका. तपासणीला तो लागेल. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहा. तान्हं मूल, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांच्याबाबत वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा.

पाहुणा आपल्या भरवशावर जेवतो. म्हणून पुढच्या सोहळ्याचा बेत ठरवताना पदार्थांच्या यादीशेजारी एक रकाना वाढवा: कोणता पदार्थ चुलीवरून किती वाजता उतरणार आणि थंडाव्यात किती वाजता जाणार. त्या दोन वेळांमध्ये दोन तासांहून, उन्हाळ्यात एका तासाहून, जास्त अंतर पडत असेल, तर तो पदार्थ आदल्या रात्री करू नका.