मांडुळाचा भाव कोणी ठरवला?

१/ धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटाच्या कोरडवाहू रानात, भुसभुशीत मातीत आणि उंदरांच्या बिळांत एक बिनविषारी साप राहतो. त्याचे नाव मांडूळ. उंदीर खाऊन तो शेतकऱ्याचे धान्य राखतो. चोरट्या बाजारात मात्र त्याच्यावर लाखांचे, कधी कोटींचे आकडे लावले जातात. हे आकडे आले कोठून?

२/ ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील निसर्गतज्ज्ञ पॅट्रिक रसेल याने १८०१ मध्ये या सापाचे शास्त्रीय वर्णन केले. तरंगमबाडीचा धर्मोपदेशक क्रिस्टोफ सॅम्युएल जॉन याच्यावरून त्याला ‘जॉनाय’ हे जातिनाम मिळाले. लोकांनी ठेवलेले नाव वेगळे : दुतोंड्या. शेपूट डोक्यासारखीच बोथट असल्याने हा भास होतो. गारुडी ती कोरून दुसरे तोंड ‘घडवीत’.

३/ या भासावरच गुप्तधन आणि पैशांचा पाऊस यांच्या कथा उभ्या राहिल्या. साप जितका वजनदार, तितका भाव अधिक, असा संकेत रूढ झाला. त्यापायी मुक्या जिवाच्या पोटात लोखंडी गोळ्या कोंबण्यापर्यंत मजल गेली.

४/ आता जगाच्या बाजाराकडे पाहू. पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथन हा अजगर साधा, पण त्याचा पांढरा-पिवळा वर्णहीन प्रकार अतिदुर्मीळ होता. १९९२ मध्ये अमेरिकेतील बॉब क्लार्क यांनी त्याची बंदिस्त पैदास साधली. हा गुण अनुवंशिक असल्याने पिलांची पिले होत गेली. आरंभी हजारो डॉलरना विकला जाणारा साप पुढे काही शे डॉलरवर आला. दुर्मीळता ओसरली, तसा भावही ओसरला.

५/ मग मांडुळाचीही पैदास करून तस्करी का मोडू नये? कारण येथे भाव दुर्मीळतेचा नाही, भ्रमाचा आहे. परदेशात मांडूळ बंदिस्त पैदाशीतून मिळतो आणि साधा पाळीव साप म्हणून विकला जातो. तेथे त्याला कोटींचा भाव नाही. गुप्तधन शोधणाऱ्याला मुळात साप नको असतो, त्याला चमत्कार हवा असतो.

६/ दुसरा धोका इंडोनेशियात दिसला. तेथून ‘पैदास केलेले’ म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी किमान ८० टक्के प्रत्यक्षात रानातून पकडलेले होते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पैदास केंद्राचा कागद हाच चोरीचा बुरखा ठरला.

७/ भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये मांडूळ पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. तरीही २०१६ ते २०२१ या काळात देशभरात त्याच्या जप्तीच्या किमान १७२ घटना नोंदल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्र सर्वांत पुढे होता.

८/ ज्या महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच महाराष्ट्राची ही नोंद आहे. मांडूळ अंडी घालत नाही. मादी थोडीच पिले देते. त्यामुळे रानातून उचललेल्या प्रत्येक मादीची उणीव भरून निघण्यास काळ लागतो. तोवर बांधावर उंदीर माजतात.

९/ बॉल पायथनचा भाव पिंजऱ्यातील पिलांनी उतरवला. मांडुळाचा भाव उतरवण्याचे काम विवेकालाच करावे लागेल. ज्या दिवशी दुतोंड्या हा केवळ एक साप उरेल, त्या दिवशी तो बालाघाटाच्या मातीत निर्धास्त राहील.