बाग एकाची, बागकाम गोताचे

बागांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा त्या बागांच्या धन्यांचाच इतिहास लिहिला जातो. कोणत्या बादशहाने कोणती बाग लावली, कोणत्या सरदाराने ती वाढविली आणि कोणत्या युद्धात ती उजाड झाली, एवढे सांगून झाले की प्रकरण संपते. ज्यांनी आळी केली, कलमे बांधली, बी राखले आणि ते शेजाऱ्याला दिले, त्यांची नोंद कोणत्याही बखरीत सापडत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या इतिहासाचा थोडा विचार करू इच्छितो. बागकाम करणाऱ्या माणसांच्या सहवासात एक विशेष सुख असते. ते केवळ फुलाफळांचे नसून देवघेवीचे असते, आणि ही देवघेव जेथे टिकली तेथेच बागकामाची विद्याही टिकली, असे आमचे मत आहे.

या विचारासाठी शाहपूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. आपल्यापासून हाकेच्या अंतरावर असलेले बुऱ्हाणपूर हे एके काळी बागांचे शहर होते. तापीच्या पलीकडच्या तीरावर जैनाबादेत मोगलांची बाग होती आणि तेथेच आहुखाना होता. ‘आहू’ या फारसी शब्दाचा अर्थ हरीण. म्हणजे ते हरणांचे रमणे होते. शाहजहानची बेगम मुमताज महल जून १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात बाळंतपणात वारली, तेव्हा तिचा देह प्रथम या जैनाबादच्या बागेतच ठेवण्यात आला. पुढे त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो आग्र्यास नेला. ताजमहालाची कीर्ती जगभर झाली. परंतु त्या शोककथेचे पहिले सहा महिने आपल्या तापीकाठच्या एका बागेने सांभाळले, याची आठवण आपल्यापैकी किती जणांना असते?

त्या बागेतील रोपांपैकी आज काय उरले आहे? लालबागेचे नाव वस्तीला राहिले, पण नावामागची बाग गेली. आहुखान्यात भग्न इमारत आहे, परंतु तेथे कोणते गुलाब होते, कोणत्या जातीचे डाळिंब होते, हे सांगणारे कोणी नाही. राज्य सरले, पगार थांबला, माळी पांगले आणि त्यांच्याबरोबर त्यांची विद्याही गेली. ती विद्या दरबाराच्या चाकरीत होती, शेजारात मुरलेली नव्हती.

याच्या उलट उदाहरणही त्याच शहरात आहे. अब्दुल रहीम खानखानान यांच्या सुभेदारीच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तब्कुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाच्या योजनेतून कुंडी भंडारा उभा राहिला. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत झिरपणारे पाणी भुयारात अडवावयाचे, भुयाराला बेताचा उतार द्यावयाचा, वर ठिकठिकाणी विहिरींसारख्या कुंड्या उघड्या ठेवावयाच्या आणि कोणत्याही मोटेवाचून ते पाणी शहरापर्यंत आणावयाचे, अशी ही रचना आहे. अशा कुंड्यांची संख्या शंभराहून अधिक आहे आणि त्या सर्व खालून एकमेकींना जोडलेल्या आहेत. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत या कामाचा समावेश झाला. बागा गेल्या आणि पाणी राहिले, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. वरून पाहता प्रत्येक कुंडी सुटी दिसते. तिचे पाणी मात्र शेजारच्या कुंडीतून आलेले असते.

१७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले. पुढे ते शिंद्यांच्या अमलाखाली गेले आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजी मुलखात सामील झाले. या दीर्घ काळात निरनिराळ्या निमित्तांनी मराठी कुटुंबे या भागात येऊन स्थिरावली. कोणी चाकरीसाठी आले, कोणी व्यापारासाठी, कोणी काळ्या जमिनीच्या ओढीने. भाषा, सणवार आणि कुलाचार यांच्याबरोबर आपली परसबागही या कुटुंबांनी येथे मांडली. अंगणात तुळशीवृंदावन, मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणाला कढीलिंबाचे झाड, एका कोपऱ्यात गवती चहा, मांडवावर दोडका किंवा वाल आणि दाराशी जास्वंद किंवा मोगरा, ही मांडणी मराठी घराची ओळख सांगणारी आहे.

या परसबागांतील झाडांना बाजारातील नावे क्वचितच असत. त्यांना माणसांची नावे असत. ‘हा वाड्यातल्या काकूंचा मोगरा’, ‘हे आत्याकडचे अळू, याने घसा खवखवत नाही’, ‘हा मामांनी रावेरहून आणलेला लिंबू’, असा त्यांचा परिचय करून दिला जाई. झाड दिले म्हणजे ते कसे जगवायचे हेही सांगणे आलेच. कोणते रोप कोणत्या नक्षत्रावर लावावे, फांदी तिरपी का कापावी, पहिला बहर का खुडावा, हे सारे फाटकाशी उभ्याउभ्या सांगितले जाई. चहा थंड होई, पण बोलणे संपत नसे. देणारा गेल्यावरही त्याचा मोगरा दुसऱ्याच्या अंगणात फुलत राही. आणि स्वतःच्या अंगणातला वाळला, तर ज्याला दिला त्याच्याकडून त्याचीच फांदी परत मागता येई. दान दिलेली वस्तू अशा रीतीने राखली जाण्याचा योग अन्य व्यवहारांत दुर्मीळच.

ही देवघेव कुंपणाच्या उंचीपुरतीच असते असे मात्र नाही. समान छंद असलेली माणसे एकमेकांना न पाहताही स्नेही होऊ शकतात, याचे एक सुंदर उदाहरण अठराव्या शतकात आढळते. लंडनमध्ये पीटर कॉलिन्सन नावाचा कापडव्यापारी होता आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ जॉन बार्ट्रम नावाचा शेतकरी होता. १७३० नंतरच्या दशकात दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि १७६८ मध्ये कॉलिन्सनच्या मृत्यूपर्यंत तो चालला. बार्ट्रम रानावनांतून बी गोळा करून पेट्या भरून पाठवी. जहाज कित्येक आठवड्यांनी पोहोचे. कधी बी कुजे, कधी उंदीर खात, कधी युद्धकाळात जहाजच शत्रूच्या हाती लागे. तरीही इंग्लंडच्या बागांत अमेरिकेतील कितीतरी वृक्ष या पेट्यांतून रुजले. हे दोघे आयुष्यात एकमेकांना कधीही भेटले नाहीत. झाडांच्या निमित्ताने जुळलेली मैत्री तीन दशकांहून अधिक काळ केवळ कागदावर टिकली.

पुढे अशा हौशी माणसांच्या संस्था निघाल्या. लंडनची उद्यानसंस्था १८०४ मध्ये स्थापन झाली. आपल्याकडे ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ १८३० मध्ये सुरू झाली आणि पुण्याचे एम्प्रेस गार्डन आजही तीच संस्था सांभाळते. दर जानेवारीत तेथे भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाला पुणेकरांची रीघ लागते. असे कोणतेही प्रदर्शन लक्षपूर्वक पाहिले तर ध्यानात येते की बक्षिसाच्या फुलाभोवती जेवढी गर्दी असते, तेवढीच ते फुलविणाऱ्या माणसाभोवती असते. ‘खत काय घातले?’ हा प्रश्न तेथे ओळखदेख नसताना विचारता येतो आणि त्याचे उत्तरही मिळते.

तथापि महाराष्ट्रात या सहविद्येला खरे शास्त्राचे रूप दिले ते श्री. अ. दाभोळकर यांनी. कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी संबंध असलेल्या या शिक्षकाने ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्यामागील विचार साधा होता. जो आपल्या रानात काळजीपूर्वक प्रयोग करतो, नोंद ठेवतो आणि ती नोंद इतरांपुढे मोकळेपणाने मांडतो, तो संशोधकच होय. मग त्याच्याजवळ पदवी असो वा नसो. पानांनी टिपलेला सूर्यप्रकाश हेच शेतीचे खरे भांडवल, असा त्यांचा आग्रह होता. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे पोषण होऊ शकते, हा त्यांचा सिद्धान्त ‘विपुलाच सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकामुळे अनेकांपर्यंत पोहोचला. द्राक्षबागायतदारांनी या परिवारात विशेष हिरिरीने भाग घेतला. एकाने छाटणीत केलेला फरक दुसऱ्याने आपल्या बागेत पडताळून पाहावा आणि फसला तर तसेही कळवावे, अशी ही रीत होती. आमच्या मते प्रयोग परिवाराचे मोठेपण या शेवटच्या गोष्टीत आहे. यश सांगणारे पुष्कळ असतात. अपयश निःसंकोचपणे सांगता येईल असा गोतावळा लाभणे हे भाग्य होय.

हा विचार गच्च्यांवरही पोहोचला. मुंबईत बांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा वापरून पिशव्यांतून व पिंपांतून भाजीपाला व फळझाडे वाढविली. पाहण्यास येणाऱ्याला ते सारे समजावून देत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी सहकाऱ्यांसह अशीच बाग फुलविली. रोजचा कचरा हेच तिचे खत होते. आपल्या मध्य प्रदेशातही दाभोळकरांचे शिष्य दीपक सचदे यांनी देवास जिल्ह्यात नर्मदाकाठी बजवाडा येथे हे काम रुजविले. शेण, गोमूत्र, गूळ आणि पाणी यांचे ‘अमृतजल’ आणि काडीकचऱ्यापासून केलेली ‘अमृतमाती’ पाहण्यासाठी तेथे दूरदूरचे लोक जात. पेटंट नाही, गुपित नाही. विचारील त्याला कृती सांगावयाची, हाच त्या घराण्याचा शिरस्ता आहे.

येथवरचे सारे विवेचन कोणाला केवळ हौसेचे वाटेल. म्हणून आता आपल्या दाराशी येऊ. बुऱ्हाणपूर-इच्छापूर मार्गावरील आपले शाहपूर चारही बाजूंनी केळीने वेढलेले आहे. पूर्वी बसराई केळीचे कंद शेजाऱ्याच्या बागेतून येत. ज्याच्या बागेचा घड भरदार, त्याच्याकडचे मुनवे मागण्याची पद्धत होती, आणि कंद निवडताना चार अनुभवी माणसे बांधावर उभी असत. १९९० नंतरच्या काळात ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आली. उत्पन्न वाढले, घड एकसारखे झाले, माल दूरच्या बाजारात जाऊ लागला. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. मात्र रोप प्रयोगशाळेतून ट्रेमध्ये येऊ लागले, तेव्हा कंदाबरोबर येणारे बोलणे कमी झाले.

त्या बोलण्याची किंमत गेल्या काही वर्षांत ‘हरण्या’ रोगाने दाखवून दिली. काकडीवर्गीय पिकांत वास करणारा मोझॅक विषाणू मावा किडीमार्फत केळीवर येतो. पानांवर पिवळसर पट्टे उमटतात, पाने आकसतात, गाभा सडतो. लागण झालेल्या झाडाला औषध नाही. ते मुळासकट उपटून नष्ट करणे एवढाच उपाय आहे. आता विचार करावा की एखाद्याने आपल्या बागेतील रोग लाजेने वा नुकसानीच्या भीतीने आठ दिवस लपविला, तर काय होईल? मावा बांध ओळखत नाही. पहिल्या दिवशी शेजाऱ्याला सांगितले असते, तर चार झाडांवर निभावले असते. न सांगितल्याने चार शेते जातात. बागकऱ्यांचा सहवास हा विरंगुळा तर खराच, पण अशा वेळी तोच पिकाचा पहारेकरी ठरतो. संध्याकाळी पारावर झालेली निवांत बोलणी ही रिकामटेकडेपणाची नसतात. ज्यांचे एरवी बोलणे आहे, तेच संकटात खरे बोलतात.

परसबागेतही तोच प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. आपल्या घरांतील वडीलधारी माणसे एकामागून एक जात आहेत. मुले शिक्षणासाठी इंदूर-पुण्याला गेली आहेत. जुन्या वाड्यांच्या जागी सिमेंटची घरे आली आणि मागील दारची माती फरशीखाली गेली. घसा न खवखवणारे अळू कोणाकडे राहिले आहे? पातळ सालीचा तो लिंबू अद्याप आहे काय? राखीचे वालाचे बी कोणाच्या डब्यात आहे? या प्रश्नांची उत्तरे एकेकट्या घरात मिळणार नाहीत. ती गोतातच मिळतील. जैनाबादेच्या बागेची गत आपल्या परसबागांची होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

म्हणून सभासदांना आमची एक विनंती आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या अंगणातील एका तरी जुन्या झाडाविषयी एक पान लिहून ठेवावे. झाडाचे घरातील नाव, ते कोणी दिले, अंदाजे कोणत्या वर्षी लावले, त्याची निगा कशी ठेवतात आणि त्याची रोपे पुढे कोणाकोणाकडे गेली, एवढे पुरे. फसलेल्या लागवडीही लिहाव्यात. जमल्यास त्या पानाबरोबर एक फांदी, एक कंद किंवा मूठभर बी शेजारच्या घरी पोहोचवावे. पावसाळ्याच्या तोंडाशी, मृग लागला की, हे काम सहज होते. ज्याच्याकडे रोप द्यावयाचे त्याच्याकडे घटकाभर बसावे लागेल, त्याची बाग पाहावी लागेल आणि निघताना त्याने दिलेले काहीतरी हातात घ्यावे लागेल. या कामात तोटा असलाच तर तो एवढाच.