होडीचे बूच व तांडेलाची पेटी

धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे मंदिराची उभारणी, घंटा व धर्मगुरूंची नामावली ह्यांचाच उल्लेख बहुधा होतो. ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी आम्ही एका क्षुद्र वस्तूचा इतिहास सांगणार आहो. वेसावे, मढ, मनोरी व गोराई येथील आमच्या कोळी बंधूंचे प्राण तिच्यावर अवलंबून असतात. ती वस्तू म्हणजे होडीच्या तळाचे बूच.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवितात. आत पाणी साचू नये म्हणून पुष्कळ लहान होड्यांच्या तळाशी छिद्र असते व तेव्हा त्याचे बूच काढितात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडी पुन्हा पाण्यात लोटताना ते विसरले, अथवा भर समुद्रात निसटले, तर काय होते? पाण्याखाली एक फूट असलेल्या एक इंच व्यासाच्या छिद्रातून मिनिटास सुमारे 40 लिटर पाणी आत शिरते. ह्या वेगाने तासाभरात दोन टनांहून अधिक पाणी होते. इतके पाणी हातांनी उपसून किती वेळ टिकाव धरावा?

शिडांच्या काळी वल्हे मोडले अथवा फळीची फट उघडली, तर खलाशी लाकूड, दोर, कापूस व राळ ह्यांनी वाटेतच डागडुजी करीत. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत होड्यांवर यंत्रे आली. त्यामुळे दूरची मासेमारी सुलभ झाली खरी. परंतु यंत्राचा पट्टा, तेलाची गाळणी किंवा पंख्याची पिन खलाशाला चाकूने कोरून करिता येत नाही. ती किनाऱ्यावरूनच न्यावी लागते. तांडेलाच्या पेटीचे महत्त्व तेव्हापासून वाढले.

प्रेषितांच्या कृत्यांच्या 27 व्या अध्यायातील संत पौलाचा प्रवास वाचकांस ठाऊकच आहे. वादळात खलाशांनी तारवाखालून दोर आवळले आणि रात्री मागील बाजूने चार नांगर टाकिले. माल समुद्रात फेकला गेला, तरी हे साहित्य हाताशी होते. पुढे तारू फुटले, परंतु त्यावरील सर्व 276 माणसे माल्टाच्या किनाऱ्यास सुखरूप लागली.

आमच्याच समुद्रात 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी मच्छीमारांनी आपल्या होड्यांतून काही जणांस वाचविले. ज्याची होडी धड, तोच दुसऱ्याच्या हाकेस धावू शकतो.

म्हणून तरुण तांडेलांस आमची विनंती आहे. बूच दोरीने छिद्राजवळच बांधून ठेवावे व त्याच मापाची दोन जादा बुचे पेटीत असू द्यावी. मऊ लाकडाची निमुळती खुंटीही जवळ असावी. ती भिजली म्हणजे फुगून घट्ट बसते. पट्टा, गाळणी, पिन व पाने कोरड्या डब्यात ठेवावी. वापरलेली वस्तू घरी परतताच भरून काढावी. होडीस आशीर्वाद देण्यास आम्ही आनंदाने येऊ. तत्पूर्वी पेटी उघडून पाहण्याचे काम मात्र तांडेलाचे.