बक्षीस आणि पगार

माझा एक जुना विद्यार्थी दोन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी शिकागोला गेला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. सलाम-दुआ झाल्यावर म्हणाला, "सर, इथं हॉटेलात जेवलं की कार्डाच्या मशीनवर 18, 20, 25 टक्के अशी बटणं येतात. बिल वेगळं आणि हे वेगळं. आपल्याकडं बडीशेपेच्या ताटलीत दहा-वीस रुपये ठेवले की झालं. ही काय जबरदस्ती?"

पोराला मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवलंय. म्हणून उत्तर शब्दापासूनच सुरू केलं.

मराठीतलं ‘बक्षीस’ फारसी ‘बख्शिश’वरून आलं. ‘बख्शीदन’ म्हणजे देणं, आणि माफ करणंही. आपल्या घरांत गेलेल्या माणसाचं नाव घेताना ‘अल्लाह बख्शे’ म्हणतात, ते हेच. हाच शब्द मराठी शाळेत गेला की पहिल्या नंबराला मिळणारी वही होतो, नोंदणी कार्यालयात गेला की बक्षीसपत्र होतो आणि वेटरच्या ताटलीत पडला की टिप. शाळेतली वही सोडली तर बाकी सगळीकडं मोठी असते ती देणाऱ्याची मर्जी. घेणाऱ्याचा हक्क नसतो.

पण मर्जीची सवय लागली की तिचा हक्क व्हायला वेळ लागत नाही. उस्मानी तुर्कांकडं नवा सुलतान तख्तावर बसला की फौजेला बख्शिश वाटायची रीत होती. 1566 मध्ये दुसरा सलीम सुलतान झाला, तेव्हा या बख्शिशीसाठी जानिसारी शिपायांनी इस्तंबूलमध्ये त्याची वाटच अडवली. 1774 मध्ये पहिला अब्दुल हमीद आला तेव्हा खजिना रिकामा होता. त्यानं ती देण्यास नकार दिला.

पुढं हा शब्द युरोप-अमेरिकेच्या प्रवाशांच्या कानावर पडला. 1869 मध्ये थॉमस कुकनं इजिप्तला सहल नेली, मग नाईलकाठी प्रवाशांची रीघ लागली. गाढववाला, होडीवाला, वाट दाखवणारं पोर, सगळे ‘बख्शिश’ म्हणत हात पुढं करायचे. मार्क ट्वेन त्याआधीच, 1867 मध्ये, न्यूयॉर्कहून बोटीनं पॅलेस्टाईन आणि इजिप्तला जाऊन आला. त्याच्या प्रवासवर्णनात या शब्दाची भरपूर टिंगल आहे. इंग्रजीत तो शब्द रुळला तो पूर्वेकडच्या हावरेपणाची खूण म्हणून.

गंमत बघा (गंमत कसली म्हणा). ट्वेनची बोट सुटली त्याच 1867 साली जॉर्ज पुलमननं शिकागोत झोपायच्या आलिशान रेल्वे डब्यांची कंपनी काढली. गुलामी कायद्यानं बंद होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. डब्यांत बिछाने घालायला, बूट पुसायला, सामान उचलायला पुलमननं गुलामीतून सुटलेले काळे लोक घेतले. पगार इतका तुटपुंजा ठेवला की घर चालवायचं ते प्रवाशांच्या टिपवर. बूटपॉलिशही पदरच्या पैशानं आणायचं. प्रवासी त्यांना नावानं हाक मारत नसत. सगळ्यांना सरसकट ‘जॉर्ज’, म्हणजे मालकाचं नाव, जसं गुलामांना मालकाचं नाव चिकटायचं तसं. 1897 ते 1911 या काळात त्या कंपनीचा अध्यक्ष होता रॉबर्ट लिंकन, अब्राहम लिंकनचा मुलगा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

टिप ही लाचारी आहे असं म्हणणारे अमेरिकेतही होते. 1909 मध्ये वॉशिंग्टन राज्यानं तिच्यावर कायद्यानं बंदी घातली, आणखी काही राज्यांनी तेच केलं, पण 1926 पर्यंत ते सगळे कायदे गेले. पोर्टरांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकारानं 1925 मध्ये त्यांनी संघटना बांधली आणि बारा वर्षं झगडून 1937 मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. त्यांची मागणी टिप वाढवा अशी नव्हतीच. पगार द्या, कामाचे तास ठरवा, अशी होती. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी ही ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यात मजुरीचा विषय आहे, बख्शिशीचा नाही.

हॉटेलवाल्यांपर्यंत तो न्याय पोचला नाही. 1966 च्या कायद्यानं मालकाला टिप पगारात धरायची मुभा मिळाली. टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायची किमान रोख मजुरी केंद्रीय कायद्यानुसार तासाला 2.13 डॉलर आहे, तीही 1991 पासून तेवढीच. इतर कामगारांचा किमान दर 7.25 डॉलर. मधली तूट टिपनं भरली नाही तर मालकानं भरायची, असं कायदा सांगतो. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं पूर्ण मजुरी द्यायला लावतात, बाकी ठिकाणी मालकाचं ओझं गिऱ्हाईक वाहतं.

"म्हणजे ते बटण दाबतो तेव्हा मी त्याचा पगार देतो?" पोरानं विचारलं.

"बराचसा."

थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, पहिल्याच आठवड्यात एका ठिकाणी रागानं काहीच न देता उठलो होतो, वाढणारी बाई वयस्कर होती. मी त्यावर काही बोललो नाही. पुलमनची वस्ती शिकागोतच आहे, तिथं पोर्टरांच्या नावानं संग्रहालय आहे, एवढं सांगितलं. आधी त्या हॉटेलात जाईन म्हणाला.