वाइल्डलाइफ फोटो शेअर करताना सेटिंग सांगा, लोकेशन नको

काळवीट किंवा माळढोकाचा फोटो टाकला की खाली पहिली कमेंट ठरलेली असते: “सेटिंग काय होती? कुठे मिळाला?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर बिनधास्त द्या. दुसऱ्याचं देण्याआधी हा लेख वाचा.

एक्झिफ म्हणजे काय?

फोटो काढताना कॅमेरा किंवा मोबाईल त्याच फाइलमध्ये काही माहिती लिहून ठेवतो. तिला एक्झिफ म्हणतात. हे स्टँडर्ड १९९५ मध्ये जपानमध्ये तयार झालं. त्यात तारीख, वेळ, शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकल लेंग्थ आणि जीपीएस चालू असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. गॅलरीत फोटो उघडून वर स्वाइप केलं की बहुतेक फोनमध्ये ही माहिती दिसते.

सेटिंग का सांगायची?

कारण नवीन माणूस त्यातूनच शिकतो. समजा काळवीट ताशी ६० किलोमीटर वेगाने पळतंय. १/१०० सेकंदात ते सुमारे १७ सेंटिमीटर पुढे सरकतं, म्हणून फोटो हलतो. १/२००० सेकंदात एक सेंटिमीटरही सरकत नाही. पण शटर इतकं कमी वेळ उघडं राहिलं की प्रकाश कमी मिळतो, मग आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. हा हिशोब आकडे दिल्याशिवाय कळत नाही.

लोकेशन का नको?

आमच्या सोलापूरचंच उदाहरण घ्या. बार्शी रोडवरचं नान्नज माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. आज देशभरात माळढोक जेमतेम शे-दीडशे उरलेत. मादी उघड्या माळावर, जमिनीवरच, बहुतेक वेळा एकच अंडं घालते. अशा जागेचा पिन फिरला की आधी फोटोवाल्यांच्या गाड्या येतात, कधी शिकारीही. लांडग्याच्या गुहेचंही तसंच. आयनॅचरलिस्ट हे अ‍ॅप धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण आपोआप झाकतं आणि साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवतं, ते याचसाठी.

काय करायचं?

१. माळावर जाण्याआधी कॅमेरा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग बंद करा.
२. आयफोनवर शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन लोकेशन बंद करा.
३. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की एक्झिफ सहसा निघून जातं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर लोकेशनसकट सगळं पुढे जातं. क्वालिटीसाठी आपण हमखास डॉक्युमेंटच निवडतो, तेव्हा इथे जपून.
४. मागे मोबाईल टॉवर, पवनचक्की, पाणवठा दिसतोय का बघा. जाणकाराला तेवढं पुरतं. फोटो क्रॉप करा.
५. घरट्याचे आणि पिल्लांचे फोटो टाकूच नका.

कॅप्शन कशी लिहायची?

मी असा नमुना वापरतो:

“सोलापूर जिल्हा, हिवाळ्यातली सकाळ. गाडीतून न उतरता अर्धा तास थांबलो. कळप आपणहून जवळ आला. १/२००० सेकंद, एफ ५.६, आयएसओ ८००, ४०० मिमी.”

यात जिल्हा आहे, जागा नाही. ‘गाडीतून न उतरता’ हे मात्र मुद्दाम लिहा. शटर स्पीड कुणीही कॉपी करेल. जनावराला त्रास न देता थांबायचं कसं, हे तुमच्या गोष्टीतूनच पुढच्याला कळतं. आणि कुणी इनबॉक्समध्ये पिन मागितलाच, तर सरळ नाही म्हणा.