हैदराबादची ‘प्रोव्हायडर एनरोलमेंट’ नोकरी : काम काय अन् सर्टिफिकेट कधी?

आदिलाबाद : हैदराबादच्या मेडिकल बिलिंग कंपन्यांच्या जाहिरातींत ‘प्रोव्हायडर एनरोलमेंट’ आणि ‘क्रेडेन्शियलिंग’ हे शब्द हमखास दिसतात. बेला, जैनदकडच्या पदवीधर पोरापोरींना असा अर्ज भरताना पहिला प्रश्न पडतो : आधी पैसे भरून सर्टिफिकेट घ्यायचं का? बहुतेकांसाठी उत्तर ‘नाही’ असंच आहे.

आरोग्यश्रीच्या दवाखान्यात बसणारा आरोग्यमित्र पेशंटची नोंद पाहतो. एनरोलमेंटवाला डॉक्टरची नोंद पाहतो, तीही अमेरिकेतल्या. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या डॉक्टरला आदिलाबादेत दवाखाना टाकायचा तर तेलंगणा मेडिकल कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं, हे इथं माहीत आहे. अमेरिकेत परवान्यानंतर आणखी एक पायरी असते. मेडिकेअर, मेडिकेड आणि प्रत्येक खासगी विमा कंपनी, या सगळ्यांकडे डॉक्टरचं नाव वेगवेगळं चढवायचं. ते चढलं नसेल तर पेशंट तपासूनही बिलाचे पैसे अडकतात.

काम सगळं कागदांचं आणि तारखांचं. प्रत्येक डॉक्टरला एनपीआय नावाचा १० अंकी नंबर असतो. मेडिकेअरसाठी सीएमएस-८५५ मालिकेतले फॉर्म भरतात : एकट्या डॉक्टरचा ८५५-आय, क्लिनिकचा ८५५-बी. खासगी विम्यासाठी सीएक्यूएचच्या पोर्टलवर माहिती ठेवतात आणि ती बरोबर असल्याचं साधारण दर १२० दिवसांनी पुन्हा कळवतात. मेडिकेअरची फेरतपासणी बहुतेक डॉक्टरांना दर ५ वर्षांनी येते. पत्त्यातला एक आकडा किंवा नावातलं एक अक्षर जुळलं नाही तर अर्ज परत येतो. इंग्रजी फाडफाड बोलण्यापेक्षा इथं बारीक नजर जास्त कामाला येते. विमा कंपनीला फोन करून पाठपुरावा करायचा असेल तेव्हा मात्र बोलणंही लागतं, आणि तो फोन अमेरिकेच्या दिवसा, म्हणजे आपल्या रात्री.

आता सर्टिफिकेट. या क्षेत्रातलं मान्यताप्राप्त नाव सीपीसीएस, म्हणजे सर्टिफाइड प्रोव्हायडर क्रेडेन्शियलिंग स्पेशालिस्ट. ते अमेरिकेतली नॅम्स ही संघटना देते. त्याच्या परीक्षेला कामाचा अनुभव लागतो. कॉलेजातून थेट निघालेल्याला बसता येत नाही. पास झाल्यावरही ठराविक वर्षांनी नूतनीकरण असतं. म्हणून ‘फ्रेशरला महिनाभरात सीपीसीएस’ असं कुणी सांगत असेल तर पावती फाडू नये. मेडिकल कोडिंगची परीक्षा ही वेगळीच चीज. दोन्हींची सरमिसळ करून कोर्स विकले जातात.

भारतात या कामाला सरकारी परवाना लागत नाही. सहायक आरोग्य व्यावसायिकांच्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याच्या यादीत मेडिकल रेकॉर्ड अ‍ॅनालिस्ट आहे, मेडिकल सेक्रेटरी आहे. एनरोलमेंट स्पेशालिस्ट असं वेगळं नाव नाही.

मुलाखतीलाच चार गोष्टी विचारून घ्याव्यात : ट्रेनिंगच्या काळात पगार मिळतो का, बाँड लिहून घेतात का, शिफ्ट कोणती, आणि रात्रीची असेल तर, विशेषतः मुलींसाठी, घरापर्यंत गाडी आहे का. दोन-तीन वर्षं काम केल्यावर परीक्षेची फी कंपनी भरते का, हेही तेव्हाच विचारावं. मूळ मार्कशीट आणि डिग्री कुणाकडे ‘जमा’ करू नये. दाखवून, झेरॉक्स देऊन परत घ्यावी.